ड्रेनेजचं चेंबर पुन्हा पुन्हा का उफाळतं, आणि महापालिकेकडे नेमकं काय मागायचं

प्रश्न थोडक्यात असा: सोसायटीसमोरचं रस्त्यावरचं ड्रेनेज चेंबर वर्षातून पाच-सहा वेळा उफाळतं. तक्रार केली की गाडी येते, जेटिंग करते, म्हणजे दाबाच्या पाण्यानं लाइन मोकळी करते, पाणी उतरतं आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा तेच. यंदा तळमजल्याच्या दोन फ्लॅटमध्ये संडासातून मैलापाणी वर आलं. आता 'ही लाइन काढून मोठी टाका' असं निवेदन नगरसेवकांना द्यायचं ठरतंय. तेवढ्यानं भागेल का?

निवेदन जरूर द्या, पण 'मोठी लाइन टाका' हे वाक्य त्यात इतक्यात घालू नका. मी महापालिकेच्या ड्रेनेज विभागात कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो आणि त्याच विभागातून निवृत्त झालो. या मागणीचं पुढे काय होतं ते पुरतं ठाऊक आहे. निधी मंजूर होतो, तुमच्या गेटपासून चौकापर्यंत जुनी नऊ इंची निघून बारा इंची पडते, नारळ फुटतो. चौकापासून पुढची लाइन मात्र जुनीच राहते. शिवाय गरजेपेक्षा मोठ्या पाइपात तेवढंच पाणी पसरट आणि संथ वाहतं, आणि ड्रेनेजची सगळी मदार वेगावर असते. केंद्र सरकारच्या सीपीएचईईओ या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीच्या संघटनेचं मलनिस्सारणाचं मॅन्युअल आम्ही सगळे वापरतो. त्यात गर्दीच्या वेळच्या प्रवाहाला सेकंदाला किमान ०.६ मीटर वेग मिळालाच पाहिजे असं म्हटलंय, कारण तेवढ्या वेगाला वाळू-गाळ आपोआप पुढे सरकतो. वेग त्याखाली राहिला की गाळ तळाशी बसायला लागतो, मग पाइप कितीही नवा असो.

म्हणून लाइन केवढी आहे हे नंतर बघू. आधी ती कधी उफाळते ते बघा.

मागच्या दोन वर्षांच्या तारखा काढा. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो असणारच, तारीख-वेळेसकट. त्याच्या शेजारी त्या दिवशी पाऊस होता की नव्हता ते लिहा. एवढ्या तक्त्यावरून निम्मं निदान होतं. कोरड्या दिवसांत, तेही सकाळी सात ते दहाच्या दरम्यान उफाळत असेल तर पुढे कुठेतरी चोकअप आहे: रात्री कमी पाणी फटीतून निघून जातं, सकाळी सगळ्यांच्या आंघोळी सुरू झाल्या की मावत नाही. जोराची सर आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात उफाळत असेल तर ड्रेनेजमध्ये पावसाचं पाणी शिरतंय. आणि पाऊस-सकाळ काही नसताना, वीज गेल्यावर, तुमच्यासकट आसपासच्या दोन-चार गल्ल्यांमध्ये एकदम वर येत असेल तर पंपिंग स्टेशनकडे बघायचं. तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत, पण तक्रारीच्या ॲपवर तिन्हींना 'ड्रेनेज चोकअप' हा एकच पर्याय असतो आणि तिन्हींसाठी तीच जेटिंगची गाडी येते.

आधी कोरड्या दिवसांतलं चोकअप. उफाळणारं चेंबर बहुधा निर्दोष असतं. पाणी तिथून वर येतं कारण त्या लाइनीवर तेच झाकण सगळ्यांत खालच्या लेव्हलला आहे, किंवा त्याचंच झाकण तुटलेलं आहे. बिघाड पुढे असतो. जाणता मुकादम त्या चेंबरपाशी थांबतच नाही. पहार घेऊन उताराच्या दिशेनं पुढची झाकणं एकामागून एक उघडत जातो. हे भरलेलं, त्याच्या पुढचं भरलेलं, त्याच्याही पुढचं भरलेलं, आणि मग एक असं सापडतं की तळाशी बोटभर पाणी सुळसुळतंय. शेवटचं भरलेलं आणि पहिलं रिकामं, या दोघांच्या मधे चोकअप. जाता जाता तो भिंतींकडेही बघतो. चेंबरच्या आत चिकटाचा काळपट पट्टा कुठवर चढलाय यावरून ते कितीदा आणि किती भरतं ते कळतं.

आता जेटिंग. नोझलला मागच्या अंगाला भोकं असतात. त्यांतून दाबाचं पाणी मागे फेकलं जातं आणि त्या धक्क्यानं नळी पाइपात पुढे सरकते. त्यामुळे खरी पद्धत अशी की खालच्या रिकाम्या चेंबरमधून नळी सोडायची, वरच्या दिशेला चढू द्यायची, चोकअप फोडायचं आणि नळी परत ओढताना आलेला गाळ त्याच खालच्या चेंबरमध्ये सक्शन लावून उचलायचा. सक्शनची नळी आत असल्याशिवाय जेटिंग सुरूच करू नये, असं माझं मत आहे. प्रत्यक्षात गाडी तक्रार जिथली तिथे उभी राहते, नळी भरलेल्या चेंबरमध्ये वरूनच घालतात, तुपकट थराला हातभर भोक पडतं, पाणी घळाघळा उतरतं. फोटो काढला, तक्रार बंद. थर तसाच राहतो आणि जो गाळ सुटला तो पुढच्या वळणावर जाऊन बसतो. महिन्याभरात पुन्हा तक्रार येते ती याच कामाची.

म्हणून पुढच्या वेळी गाडी आली की वाद घालू नका, एवढंच विचारा: गाळ किती निघाला, आणि काय निघालं? 'काय निघालं' याला फार किंमत आहे. पांढरट, साबणासारखा चिकट थर म्हणजे हॉटेल, खानावळ, वडापावची गाडी. तेल गरम असताना ओतलं जातं आणि पाइपात थिजतं. वाळू-खडी म्हणजे एक तर रस्त्यावरचं झाकण उघडं राहतंय, नाहीतर पाइपाचा सांधा सुटून आजूबाजूची माती आत येतेय. केसाळ मुळांचा झुपका म्हणजे जुन्या चिनी मातीच्या पाइपाच्या सांध्यातून वड-पिंपळ आत शिरलाय. तो जेटिंगनं नुसता कापला जातो आणि वर्षभरात परत येतो. शेण आलं तर वर गोठा आहे. पॅड, डायपर, ओले वाइप्स हे सगळीकडेच निघतात. आणि करड्या रंगाचे दगडासारखे कपचे निघाले तर कुणाच्या तरी घरात फरशीचं काम चालू आहे: कटिंगची भुकटी आणि सिमेंटचं पाणी गवंड्यानं नहाणीत ओतलं, ते लाइनीत जाऊन बसलं. त्याला जेटिंगचा उपयोग नाही, तेवढा तुकडा खोदून बदलावा लागतो. तेल-तुपाला हसू नका. लंडनमध्ये व्हाइटचॅपल भागात २०१७ साली वंगण आणि वाइप्स यांचा जो गोळा सापडला तो २५० मीटर लांब आणि सुमारे १३० टन वजनाचा होता.

आता पाऊस. तुमच्या वर्णनावरून मला संशय इथेच जास्त आहे, कारण तळमजल्यात पाणी यायला नुसतं चोकअप सहसा पुरत नाही.

आपल्या शहरांत ड्रेनेज आणि पावसाळी गटार या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत, निदान कागदावर. ड्रेनेजची लाइन पावसासाठी आखलेलीच नसते. हिशोब करून बघा. वीस फ्लॅटची इमारत, माणसं ऐंशी. माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात, त्यातलं ८० टक्के ड्रेनेजमध्ये येतं, म्हणजे १०८ लिटर. अख्ख्या इमारतीचं दिवसभराचं सांडपाणी झालं ८,६४० लिटर. आता त्याच इमारतीची गच्ची ४०० चौरस मीटर धरा आणि तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडू द्या. गच्चीवरून २०,००० लिटर पाणी खाली येतं. दिवसभराच्या सांडपाण्याच्या दुपटीहून जास्त, आणि तेही एका तासात.

हेच लाइनीच्या बाजूनं बघू. २०० मिलिमीटर व्यासाची लाइन १ः२५० उतारावर, म्हणजे अडीचशे मीटरला एक मीटर उतार असताना, सेकंदाला साधारण २० लिटर वाहून नेते. सकाळच्या गर्दीसाठी सरासरीच्या तिप्पट प्रवाह धरला तरी पाच हजारांवर माणसांना ती पुरते, म्हणजे तुमच्यासारख्या साठ-पासष्ट इमारतींना. आणि त्या पावसात एका गच्चीचं पाणी सेकंदाला साडेपाच लिटर. चार गच्च्या ड्रेनेजला जोडल्या की लाइन संपली! पाचवीचं पाणी कुणाच्या तरी तळमजल्यात जाणार.

आणि गच्च्या जोडलेल्या असतात. पार्किंगमध्ये पाणी साचतं म्हणून गच्चीवरून येणारा पाइप बिल्डर किंवा प्लंबर जवळच्या ड्रेनेज चेंबरमध्ये सोडून देतो. नकाशात तो पावसाळी गटारात गेलेला असतो. तुमच्याच सोसायटीपासून सुरुवात करा. जोराच्या पावसात आवारातलं शेवटचं चेंबर उघडून बघा. गढूळ करड्या पाण्याऐवजी स्वच्छ पाणी धो धो वाहत असेल तर लाइन बुडवणाऱ्या गच्च्यांत तुमचीही आहे. पावसाची वाट बघायची नसेल तर गच्चीच्या पाइपात रंगाचं पाणी ओता आणि कुठल्या चेंबरमध्ये निघतंय ते पाहा. परदेशात यासाठी लाइनीत निरुपद्रवी धूर सोडतात. ज्या गच्चीच्या पाइपातून धूर निघाला ती जोडणी चोरटी. आपल्याकडे हे क्वचितच होतं, आणि होत नाही याचं कारण तांत्रिक नाही. धूर निघालेल्या इमारतींची यादी वॉर्डात वाचून दाखवायला कुणी तयार नसतं.

दुसरी वाट रस्त्यावरची. पाणी तुंबलं की कुणीतरी ड्रेनेजचं झाकण उघडतं, रस्ता मोकळा होतो, सगळे त्याला दुवा देतात. रस्त्यावरचं सगळं पाणी, वाळू आणि प्लास्टिक त्या मैल्याच्या लाइनीत जातं आणि दोनशे मीटरवर दुसऱ्याच्या घरात निघतं. शिवाय पाण्याखालचं उघडं झाकण दिसत नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईत एका ज्येष्ठ डॉक्टरांचा जीव अशाच उघड्या मॅनहोलनं घेतला. त्यानंतर झाकणाखाली जाळ्या बसवण्याचा विषय ऐरणीवर आला.

तिसरी वाट जमिनीखालून. सांधे सुटलेले असतील तर भूजल आत झिरपतं. ओळखायची खूण सोपी: गच्चीचं पाणी पाऊस थांबल्यावर तासाभरात ओसरतं, झिरपणारं पाणी उघडीप पडली तरी कित्येक दिवस वाहत राहतं. पहाटे तीनला चेंबर उघडा. त्या वेळी कुणी आंघोळ करत नाही. तरीही पाइप पाव-अर्धा भरून नितळ पाणी वाहत असेल तर ते जमिनीतलं आहे, किंवा पिण्याची लाइन फुटून तिचं पाणी येतंय. विभागातले चांगले लोक ही पहाटेची फेरी मारतात. पुण्यासारख्या शहरात मुख्य लाइनी नाल्यांच्या कडेनं, कुठे कुठे पात्रातूनच गेल्यात. नाल्याला पूर आला की तिथली चेंबरं बुडतात आणि नाला ड्रेनेजमध्ये शिरतो. तिथे चेंबरं पुराच्या लेव्हलच्या वर उचलणं आणि बोल्टनं आवळायची पाणीबंद झाकणं लावणं, एवढाच इलाज.

पंपिंग स्टेशनबद्दल फार लिहीत नाही, कारण तुमची अडचण ती दिसत नाही. दोनच गोष्टी. एक, वीज गेल्यावर जनरेटर खरंच सुरू होतो का आणि डिझेल आहे का. दोन, विजेचं बिल वाचवायला पंप ठरावीक तासच चालवतात का. पंप बंद असताना पाणी लाइनीतच साठतं, थांबलेल्या पाण्यातला गाळ खाली बसतो आणि ज्या लाइनीचा काही दोष नाही ती तुंबायला लागते.

मग महापालिकेनं करायचं काय? माझं ठाम मत: तक्रारीवर धावणं कमी करून नोंदीवर काम करायचं. प्रत्येक चेंबरला क्रमांक, नकाशावर जागा, आणि उफाळण्याची प्रत्येक वेळ त्या क्रमांकावर: तारीख, पाऊस होता का, चोकअप कुठल्या दोन चेंबरांच्या मधे होतं, काय निघालं. असं वर्षभर लिहिलं की दिसतं की अख्ख्या वॉर्डातल्या तक्रारी मोजक्या तुकड्यांवर फिरतायत. त्या तुकड्यांना ठरलेल्या दिवशी सफाई, तक्रार येवो न येवो. हॉटेलांच्या गल्लीला महिन्याला, बाकीच्यांना सहा महिन्यांनी, ज्या लाइनीत कधीच काही निघत नाही तिला दोन वर्षांनी हात लावला तरी चालतं. ज्या तुकड्यात सफाई करूनही परत तेच होतं तिथे कॅमेरा घालायचा. कॅमेऱ्यात खचलेला पाइप, उलटा उतार किंवा झाडाचं मूळ दिसलं, तरच खोदाई आणि तरच नवी लाइन. आपल्याकडे क्रम बरोबर उलटा चालतो.

हे पुस्तकी नाही. कॅलिफोर्नियात २००६ च्या आदेशापासून एका मैलाहून लांब लाइनी असलेल्या प्रत्येक सार्वजनिक यंत्रणेला आपला प्रत्येक उफाळा ऑनलाइन नोंदवावा लागतो, आणि ती नोंद कुणालाही बघता येते. दर १०० मैल लाइनीमागे वर्षाला किती वेळा, या आकड्यावर शहरांची तुलना होते. तिथे उफाळत नाही असं नाही. ईपीए या अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा स्वतःचा अंदाज देशभरात वर्षाला २३,००० ते ७५,००० वेळांचा आहे. पण कुणाच्या हद्दीत किती, हे लपत नाही. आपल्याकडे दर उन्हाळ्यात नालेसफाईच्या टनांचे आकडे छापून येतात, ड्रेनेज किती वेळा उफाळलं हा आकडा कधी वाचलाय?

एक गोष्ट निक्षून सांगतो. गाडी येईना म्हणून सोसायटीनं बाहेरून माणूस बोलावून चेंबरमध्ये उतरवू नये. दोन हजारांत काम करणारे सापडतात. हायड्रोजन सल्फाइडचा कुजकट वास सुरुवातीला येतो, पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं; वास गेला म्हणून आत उतरलेली माणसं वर आलेली नाहीत, त्यांना काढायला उतरलेलीही नाहीत. हातानं मैला सफाई करवून घेण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय गटारात माणूस उतरवणं गुन्हा आहे: पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. काम करून घेणारी सोसायटी यातून सुटत नाही. गटारातल्या मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलंय.

मैलापाणी वर आलेलं असताना काय करायचं, हे बहुतेकांना उलटं माहीत असतं. आधी घरातला पाण्याचा वापर थांबवा, सगळ्या मजल्यांवरचा. वर आंघोळ चालू असेल तर तळमजल्यात तेच पाणी निघतं. मैल्यावर पांढरी पावडर शिंपडून जाणं हा निव्वळ देखावा. घाण उचलून, धुऊन काढल्यावरच ब्लीचिंगच्या पाण्याचा उपयोग होतो. आणि रस्त्यापेक्षा नळाकडे लक्ष द्या. आपल्याकडे पाणी दिवसातून काही तासच येतं. पुरवठा बंद झाला की पाइपातला दाब जातो, आणि गळक्या सांध्याभोवती मैलापाणी साचलेलं असेल तर ते आत ओढलं जातं. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ पसरली ती पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळल्यामुळे. उफाळल्यानंतर निदान आठवडाभर पाणी उकळून प्या, पुरवठ्याच्या सुरुवातीचं पाणी भरू नका, आणि महापालिकेकडून नळाच्या टोकाला क्लोरीन तपासून घ्या. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असायला हवं.

तुमच्या दोन तळमजल्यांसाठी तातडीचा उपाय म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी बाहेर जाऊ देणारी पण उलटं आत येऊ न देणारी झडप. प्लंबर तो आवारातल्या मुख्य लाइनीवर बसवायला निघेल, कारण तिथे काम सोपं. बसवू देऊ नका. बाहेरचं पाणी चढलं की व्हॉल्व्ह बंद होईल, पण वरच्या मजल्यांचं पाणी खाली येतच राहील आणि ते तळमजल्यातच निघेल. तळमजल्याच्या संडास-नहाणीची जोडणी वरच्या मजल्यांच्या उभ्या पाइपापासून तोडून वेगळी काढा, तिच्यावर व्हॉल्व्ह बसवा आणि चेंबरपर्यंत स्वतंत्र न्या. व्हॉल्व्हची झडप दर दोन महिन्यांनी उघडून साफ करावी लागते. ते काम कुणाचं, ते सोसायटीच्या बैठकीतच लिहून ठेवा.

आणि निवेदनात हे मागा: तुमच्या चेंबरपासून उताराच्या दिशेला मुख्य लाइनीपर्यंत सगळी झाकणं उघडून पाहणी, खालच्या चेंबरमधून सक्शनसह सफाई आणि निघालेल्या गाळाची नोंद, सफाई झाल्यावर लगेच कॅमेरा तपासणी आणि तिच्या फुटेजची प्रत, लाइनीवरच्या हॉटेलांच्या ग्रीस ट्रॅपची (तेल-तूप लाइनीत जाण्याआधी अडवणाऱ्या टाकीची) तपासणी, पावसाळ्याआधी सगळ्या इमारतींच्या गच्चीच्या पाइपांची तपासणी, तुमच्यापासून सुरू करून. तारखांचा तक्ता जोडा. नगरसेवकांना प्रत द्या, पण मूळ अर्ज क्षेत्रीय कार्यालयाच्या ड्रेनेज विभागात द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. कॅमेऱ्यात लाइन खचलेली किंवा खरोखर अपुरी दिसली तर मोठ्या लाइनीची मागणी तेव्हा करा, आणि ती चौकापर्यंतची नको, मुख्य लाइनीला मिळेपर्यंतची करा.